रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स पुन्हा पुन्हा का अडतं: 'पर युजर' सर्व्हरच्या नेहमीच्या तक्रारी

लक्षण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून सर्व्हरच्या डेस्कटॉपवर बसून काम करण्याची सोय, चार महिने सुरळीत चालतं, आणि मग एका सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही. लायसन्स देणारा रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही म्हणून सेशन तोडलं आहे, सर्व्हरच्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा, असा संदेश स्क्रीनवर येतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे आपणच. मग कुणीतरी नेटवरून रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात तिथला) एक उपाय शोधून काढतो, सर्व्हर रीस्टार्ट होतो, लोक कामाला लागतात. आणि चार महिन्यांनी पुन्हा तेच.

हे चार महिने योगायोगाने येत नाहीत. सेशन होस्टचा, म्हणजे लोकांची सेशन ज्या सर्व्हरवर चालतात त्याचा, रोल टाकल्यावर मायक्रोसॉफ्ट १२० दिवसांचा ग्रेस पिरियड देतं. या काळात लायसन्स सर्व्हर नसला तरी कुणालाही अडवलं जात नाही. त्यामुळे सेटअप अर्धवट राहिला आहे हे १२० दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही. कोपऱ्यात 'लायसन्सिंग मोड कॉन्फिगर केलेला नाही, इतक्या दिवसांत सेवा बंद पडेल' अशी सूचना येत असते, पण ती फक्त ॲडमिनला दिसते आणि ॲडमिनने ती पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकलेली असते.

पहिली गोष्ट म्हणजे घाईने आणखी लायसन्स विकत घेऊ नका. 'पर युजर' मोडमध्ये, म्हणजे लायसन्स माणसागणिक घेतलेलं असतं तेव्हा, सेशन तोडल्याचा तो संदेश लायसन्स संपली म्हणून येत नाही. या मोडमध्ये सर्व्हर संख्या मोजतो, पण संख्या ओलांडली म्हणून कुणाला दारातून परत पाठवत नाही. ५० घेतली आणि ७० जणांनी लॉगिन केलं, तर सत्तरही जण आत जातील. तेव्हा दार बंद असेल तर बिघाड संख्येत नाही, जोडणीत आहे. आणि दार उघडं असेल तर तुमची संख्या बरोबर आहे असंही त्यावरून ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत की माणूस चुकीच्या जागी पैसे घालतो आणि खरा बिघाड तसाच राहतो.

आधी आत शिरा

सगळे बाहेर अडकलेले असताना तुम्हाला स्वतःला सर्व्हरवर जायचं असेल, तर रनमध्ये एमएसटीएससी लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) देऊन ॲडमिन लिहा आणि एंटर मारा. हे देखभालीसाठी राखलेलं सेशन असतं. त्याला रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स लागत नाही, आणि अशी दोन सेशन एका वेळी चालतात. तुमचं खातं मात्र त्या सर्व्हरच्या ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये हवं.

या वाटेने अकाउंट्स विभागातल्या दोघांना रोज आत सोडणारी ऑफिसं असतात. सोय सर्व्हरच्या देखभालीसाठी आहे, त्यावर टॅली किंवा ईआरपी चालवण्यासाठी नाही. तो करारभंगच आहे. शिवाय त्या दोघांना सर्व्हरचे पूर्ण ॲडमिन हक्क द्यावे लागतात, आणि मला त्याची जास्त धास्ती वाटते.

नेमकं काय विकत घेतलेलं असतं

सर्व्हरचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे ते वापरण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला असं होत नाही. विंडोज सर्व्हर २०१६ पासून स्टँडर्ड आणि डेटासेंटर आवृत्त्यांचं सर्व्हर लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात. एका प्रोसेसरला किमान ८ आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअर धरावेच लागतात. त्याशिवाय जो कुणी त्या सर्व्हरची सेवा वापरतो, त्याच्यासाठी क्लायंट ॲक्सेस लायसन्स लागतं. बोलताना सगळे त्याला 'कॅल' म्हणतात.

कॅल दोन थरांची असते, आणि गोंधळाचं निम्मं मूळ इथेच आहे. पहिला थर विंडोज सर्व्हर कॅलचा. फाइल शेअर, प्रिंटर, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (ऑफिसच्या सगळ्या खात्यांची मध्यवर्ती नोंदवही) लॉगिन यातलं काहीही वापरलं तरी ती लागते. ती कुठेही इन्स्टॉल होत नाही, तिची की टाकायची नसते, तिचा हिशेब ठेवणारी सर्व्हिसही नसते. ती निव्वळ कागदावर असते. दुसरा थर आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅलचा, म्हणजे सर्व्हरच्या डेस्कटॉपवर बसून काम करणाऱ्यांसाठीचा. ही पहिल्याच्या ऐवजी नाही, पहिल्याच्या वर घ्यायची असते. ४० माणसं रिमोट डेस्कटॉपवर काम करत असतील तर ४० विंडोज सर्व्हर कॅल आणि शिवाय ४० आरडीएस कॅल. लायसन्स सर्व्हरमध्ये भरायची असते ती फक्त दुसरी. पहिल्या प्रकारच्या कॅलचा कागद हातात घेऊन तिची की लायसन्स मॅनेजरमध्ये (लायसन्स सर्व्हरवर कॅल भरायचं टूल) टाकायची धडपड करणारे लोक नेहमी भेटतात. विझार्ड की नाकारतो, आणि दोष विक्रेत्याच्या माथी जातो.

दोन्ही थरांत 'युजर' आणि 'डिव्हाइस' असे दोन प्रकार मिळतात. युजर कॅल माणसाला असते. तो माणूस ऑफिसचा डेस्कटॉप, घरचा लॅपटॉप आणि टॅब्लेट असं तीन ठिकाणांहून आला तरी एकच कॅल. डिव्हाइस कॅल यंत्राला असते. एका यंत्रावर तीन पाळ्यांत तीन माणसं बसली तरी एकच. दहा यंत्रं आणि तीन पाळ्यांचे तीस कामगार असतील तर दहा डिव्हाइस कॅलमध्ये भागतं. तिथे तीस युजर कॅल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पण तीस जण घरून, स्वतःच्या यंत्रांवरून काम करत असतील तर गणित पूर्ण उलटं होतं.

युजर म्हणजे खातं नव्हे, माणूस. 'अकाउंट्स१' या एकाच लॉगिनने पाच जण काम करत असतील तर पाच कॅल लागतात. एकाच माणसाची दोन खाती असतील तर कराराच्या दृष्टीने एकच लागते, पण लायसन्स सर्व्हरच्या रिपोर्टमध्ये ती दोन दिसतील, कारण तो बिचारा खातीच मोजतो.

आणि 'एका वेळी फार तर पंधराच जण असतात' हे वाक्य इथे चालत नाही. कित्येक इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर तरंगत्या लायसन्सवर चालतात. पंधरा घेतली की सोळाव्याला थांबावं लागतं, एक जण बाहेर पडला की त्याची जागा दुसऱ्याला मिळते. विंडोज एनटी ४.० च्या काळात, १९९६ साली, सर्व्हरलाही 'पर सर्व्हर' मोड होता आणि त्यात एका वेळच्या जोडण्या मोजल्या जात. जुन्या लोकांच्या डोक्यात तोच हिशेब बसलेला आहे. युजर कॅल हा प्रकार विंडोज सर्व्हर २००३ बरोबर आला, आणि तो नावानिशी माणसाला बांधलेला असतो. माणूस नोकरी सोडून गेला तर त्याची कॅल नव्या माणसाला कायमची देता येते. रजेवर गेला तर बदली माणसाला तेवढ्यापुरती देता येते. पण सकाळी एकाला आणि दुपारी दुसऱ्याला अशी फिरवता येत नाही.

चार कड्या, आणि कोणती तुटली ते कसं पाहायचं

लॉगिन होण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. लायसन्सिंगचा रोल कुठल्यातरी सर्व्हरवर हवा. तो लायसन्स सर्व्हर मायक्रोसॉफ्टकडे ॲक्टिव्हेट झालेला हवा. त्यात योग्य आवृत्तीची आणि योग्य प्रकारची कॅल भरलेली हवी. आणि सेशन होस्टला दोन गोष्टी माहीत हव्यात: लायसन्स सर्व्हर कोणता आणि मोड कोणता. सेशन होस्ट आणि लायसन्स सर्व्हर एकाच यंत्रावर असले तरी ही चौथी कडी आपोआप जुळत नाही. 'दोन्ही रोल इथेच आहेत, मग त्याला सापडत कसा नाही?' हा प्रश्न रास्त आहे, पण विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून सेशन होस्ट स्वतःहून लायसन्स सर्व्हर शोधत फिरत नाही. त्याला नाव सांगावं लागतं.

तपासणीसाठी सेशन होस्टवर 'आरडी लायसन्सिंग डायग्नोसर' उघडा. रनमध्ये एलएसडायग डॉट एमएससी लिहिलं की उघडतो. तो दिसत नसेल तर सर्व्हर मॅनेजरमधून रिमोट सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशन टूल्समधली त्याची टूल्स टाकून घ्या. डायग्नोसरमध्ये वरच्या भागात मोड, उपलब्ध लायसन्सची संख्या आणि अडचणींची यादी दिसते. लायसन्स सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर असेल तर तिथले ॲडमिन क्रेडेन्शियल्स द्यावे लागतात, नाहीतर तो शून्य लायसन्स दाखवतो आणि तुम्ही नसत्या वाटेला लागता. हे शून्य पाहून नवीन पॅक मागवणारे लोक आहेत. आधी क्रेडेन्शियल्स द्या, रिफ्रेश करा आणि मग त्या आकड्यावर विश्वास ठेवा.

सोबत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग बघा. तिथे 'टर्मिनल सर्व्हिसेस रिमोट कनेक्शन मॅनेजर' या सोर्सखाली ११३० हा इव्हेंट असेल तर सेशन होस्टला लायसन्स सर्व्हरचं नावच दिलेलं नाही. ११२८ असेल तर ग्रेस पिरियड संपला आहे आणि कॅल भरलेल्या लायसन्स सर्व्हरशी याची ओळख झालेली नाही.

मोड कुठे सांगायचा, हेच सापडत नाही

माझ्या मते पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

२००८ आर२ पर्यंत सेशन होस्टच्या कॉन्फिगरेशनसाठी वेगळा कन्सोल होता. त्यात लायसन्सिंगच्या टॅबवर जाऊन मोड निवडायचा आणि सर्व्हरचं नाव टाकायचं. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये तो कन्सोल काढून टाकला. त्याच्या जागी सर्व्हर मॅनेजरच्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस विभागात 'एडिट डिप्लॉयमेंट प्रॉपर्टीज' आलं. पण रिमोट डेस्कटॉपचं रीतसर डिप्लॉयमेंट केलेलं असेल, म्हणजे कनेक्शन ब्रोकर (आलेल्यांना योग्य सेशन होस्टकडे पाठवणारा रोल) वगैरे सगळं असेल आणि तुम्ही डोमेनच्या, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या, खात्याने लॉगिन झालेले असाल, तरच ते दिसतं. छोट्या ऑफिसात असं कुणी करत नाही. 'ॲड रोल्स' मधून सेशन होस्ट आणि लायसन्सिंग अशा दोनच खुणा करतात, लायसन्स सर्व्हर ॲक्टिव्हेट करतात, कॅल भरतात. सगळं हिरवं दिसतं आणि काम संपल्यासारखं वाटतं. मोड विचारणारा एकही पडदा येत नाही. १२० दिवसांनी दार बंद.

अशा सेटअपला ग्रुप पॉलिसी, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज एका जागेवरून लागू करण्याची सोय, हाच रस्ता. एकच सर्व्हर असेल तर लोकल पॉलिसी पुरते, जीपीएडिट डॉट एमएससी उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट आणि शेवटी लायसन्सिंग. तिथे दोन पॉलिसी कामाच्या आहेत. 'यूज द स्पेसिफाइड रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर्स' एनेबल करून लायसन्स सर्व्हरचं पूर्ण नाव द्या. 'सेट द रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग मोड' एनेबल करून 'पर युजर' किंवा 'पर डिव्हाइस' निवडा. तुम्ही घेतलेली कॅल ज्या प्रकारची असेल तोच मोड, यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. मग जीपीअपडेट चालवा आणि शक्य असेल तर सर्व्हर एकदा रीस्टार्ट करा. सेटिंग बरोबर असूनही डायग्नोसर जुनाच पाढा म्हणत राहिला तर रीस्टार्टनंतर बहुधा गप्प होतो.

डोमेनमध्ये असाल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा. डिप्लॉयमेंट प्रॉपर्टीजमध्ये एक मोड आणि ग्रुप पॉलिसीत दुसरा असेल तर ग्रुप पॉलिसी जिंकते. कुणीतरी तीन वर्षांपूर्वी डोमेन पातळीवर जुन्या लायसन्स सर्व्हरचं नाव टाकून ठेवलेलं असतं, तो सर्व्हर केव्हाच बंद झालेला असतो, आणि तुम्ही सर्व्हर मॅनेजरमध्ये नवं नाव दहादा टाकलं तरी काही बदलत नाही. प्रत्यक्षात कोणती पॉलिसी लागू आहे ते आरसॉप किंवा जीपीरिझल्टमधून पाहा.

कॅल आहेत, मोड आहे, तरी नाही

आता आवृत्ती बघा. नियम एकाच दिशेने चालतो: नवी कॅल जुन्या सेशन होस्टला चालते, जुनी कॅल नव्या सेशन होस्टला चालत नाही. २०१९ ची आरडीएस कॅल असेल तर २०१६ च्या होस्टवर लॉगिन होईल. २०१६ ची असेल तर २०१९ च्या होस्टवर नाही. लायसन्स सर्व्हरही कॅलच्या आवृत्तीइतका किंवा त्याहून नवा हवा. २०१६ च्या लायसन्स सर्व्हरमध्ये २०१९ ची कॅल भरता येत नाही. सेशन होस्ट अपग्रेड केला आणि लायसन्सचा विचारच केला नाही, या प्रकारात हे हमखास निघतं. खरोखर खरेदी करावी लागते अशी ही एक जागा, पण ऑर्डर देण्याआधी करारात सॉफ्टवेअर ॲश्युरन्स आहे का ते पाहा. असेल तर नव्या आवृत्तीचा हक्क आधीच तुमच्याकडे असू शकतो.

दोन यंत्रांच्या मध्ये फायरवॉल असेल तर आरपीसीचा (एका यंत्राने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची पद्धत) १३५ पोर्ट, ४४५ पोर्ट आणि ४९१५२ ते ६५५३५ हा बदलत्या पोर्टचा पट्टा लायसन्स सर्व्हरकडे उघडा हवा. फक्त १३५ उघडून 'पोर्ट उघडलाय' म्हणणं पुरेसं नाही.

लायसन्स सर्व्हरवर 'लायसन्स सर्व्हर सिक्युरिटी ग्रुप' नावाची पॉलिसी एनेबल असेल तर तो फक्त त्याच्या 'टर्मिनल सर्व्हर कॉम्प्युटर्स' ग्रुपमधल्या होस्टनाच लायसन्स देतो. नवा होस्ट त्यात घालायचा राहिला की फक्त तोच एक रुसून बसतो. बाकीचे चालतात, म्हणून कुणाचा संशय लायसन्स सर्व्हरवर जात नाही.

दर तासाला सेशन तुटतंय

हा वेगळाच प्रकार आहे आणि विंडोज सर्व्हर २०१९ पासून दिसतो. लॉगिन होतं, पण 'तुमच्या रिमोट डेस्कटॉप लायसन्समध्ये अडचण आहे, ६० मिनिटांत सेशन तुटेल' असा संदेश येतो आणि खरोखरच तुटतं. पुन्हा लॉगिन केलं की पुन्हा ६० मिनिटं.

इथे पहिला प्रश्न एकच: सर्व्हर डोमेनमध्ये आहे की वर्कग्रुपमध्ये? 'पर युजर' कॅलची नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीमधल्या त्या युजरच्या खात्यावर होते. वर्कग्रुपमध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीच नाही, मग नोंद करणार कुठे? जुन्या आवृत्त्या याकडे काणाडोळा करत होत्या. २०१९ करत नाही. म्हणून २०१६ वर वर्षानुवर्षं चाललेला सेटअप २०१९ वर जसाच्या तसा उचलून नेला की हे सुरू होतं, आणि लोक अपडेटला दोष देतात. रस्ते दोनच. सर्व्हर डोमेनमध्ये घ्या, किंवा डिव्हाइस कॅल घेऊन मोड 'पर डिव्हाइस' करा. 'पर युजर' कॅल आधीच घेतली असेल तर लायसन्स मॅनेजरमध्ये ती दुसऱ्या प्रकारात बदलण्याचा पर्याय आहे. तुमच्या कराराच्या प्रकारात तो मिळतो का, हे विक्रेत्याला विचारून घ्या.

मोड नुसताच 'पर डिव्हाइस' करून ठेवायचा आणि कॅल युजरचीच, हा जुगाड फार दिवस चालत नाही. डिव्हाइस मोडमध्ये संख्या खरोखर तपासली जाते.

रिपोर्ट रिकामा आणि ४१०५

सगळं चालू आहे, पण लायसन्स मॅनेजरमधला युजर कॅलचा रिपोर्ट शून्य किंवा अर्धवट दाखवतो. लायसन्स सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये ४१०५ चा पाऊस पडलेला असतो: अमुक युजरची लायसन्सची माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत लिहिता आली नाही.

लायसन्स मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक करून 'रिव्ह्यू कॉन्फिगरेशन' उघडा. लायसन्स सर्व्हरचं कॉम्प्युटर खातं डोमेनच्या 'टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स' ग्रुपमध्ये नसेल तर तिथेच सांगितलेलं असतं आणि 'ॲड टू ग्रुप' चं बटणही असतं. डोमेन ॲडमिनचे हक्क लागतात. त्यानंतर 'रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग' ही सर्व्हिस रीस्टार्ट करा. युजर एकाहून जास्त डोमेनमध्ये असतील तर प्रत्येक डोमेनच्या त्या ग्रुपमध्ये हा सर्व्हर घालावा लागतो.

एवढं करूनही ठरावीक काही युजरच ४१०५ देत राहिले, तर ती खाती बहुधा फार जुनी असतात, विंडोज २००० किंवा २००३ च्या डोमेनपासून चालत आलेली. त्यांच्यावर या ग्रुपला लिहिण्याची परवानगीच नसते. डोमेनवर 'डेलिगेट कंट्रोल' विझार्ड चालवून, युजर ऑब्जेक्टवर टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हरची माहिती वाचण्या-लिहिण्याची परवानगी या ग्रुपला द्या. तरीही उरलेली दोन-चार नावं पाहिलीत तर ती डोमेन ॲडमिन किंवा तशाच संरक्षित ग्रुपमधली निघतात. तिथे वरून आलेली परवानगी टिकत नाही, संरक्षणाची यंत्रणा ती पुसून टाकते. त्यांच्यामागे फार लागू नका. रोजच्या कामासाठी त्यांना वेगळं साधं खातं असायला हवं हा खरा मुद्दा आहे, आणि तो लायसन्सच्या पलीकडचा.

४१०५ मुळे लॉगिन अडत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतो. पण ऑडिट आलं की दाखवायला रिपोर्ट नसतो.

रजिस्ट्रीतला तो उपाय

रजिस्ट्रीतली ग्रेस पिरियडची की, म्हणजे नोंद, पुसायची आणि आणखी १२० दिवस मिळवायचे, हा तो नेटवरचा उपाय. ती पुसायला आधी तिची मालकी स्वतःकडे घ्यावी लागते, ॲडमिनिस्ट्रेटरलाही ती सरळ पुसता येत नाही. कुणी उगाच हात लावू नये म्हणूनच ती तशी ठेवली आहे. त्यातून लायसन्स मिळत नाही, घड्याळ तेवढं मागे जातं. पुसल्यावर चौथी कडी होती तशीच तुटलेली राहते. काही ठिकाणी तर पूर्ण पैसे मोजून घेतलेली कॅल लायसन्स सर्व्हरमध्ये पडून असते, एकही वापरली गेलेली नसते, आणि सर्व्हर दर चार महिन्यांनी या जुगाडावर चालतो. ग्रुप पॉलिसीतल्या त्या दोन पॉलिसी भरायला पाच मिनिटं लागली असती.

'पर डिव्हाइस' वाल्यांसाठी थोडक्यात

इथे खरोखर लायसन्स संपतात. डिव्हाइसला मिळालेलं लायसन्स ५२ ते ८९ दिवसांच्या मुदतीचं असतं. यंत्र वापरात राहिलं तर ते पुढे वाढतं, नाहीतर मुदत संपल्यावर परत साठ्यात येतं. भंगारात गेलेल्या यंत्रांची कॅल हाताने परत घेता येते, पण एका वेळी एकूण संख्येच्या २० टक्क्यांपर्यंतच.

संख्या विनाकारण फुगत असेल तर थिन क्लायंटकडे, म्हणजे फक्त सर्व्हरला जोडण्यापुरत्या छोट्या यंत्रांकडे, बघा. विंडोजवर चालणारं थिन क्लायंट स्वतःची ओळख आणि मिळालेलं लायसन्स रजिस्ट्रीत 'एमएसलायसन्सिंग' या कीखाली ठेवतं. त्यावर राइट फिल्टर (डिस्कवर कायमचं काही लिहू न देणारी सोय) चालू असेल तर रीस्टार्ट झालं की ही नोंद पुसली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेच यंत्र नवं यंत्र म्हणून दारात उभं राहतं. दहा टर्मिनल महिन्याभरात सगळा साठा फस्त करतात. उपाय असा: फिल्टर बंद करून एकदा लॉगिन करा, लायसन्स नोंदलं गेलं की फिल्टर चालू करा, किंवा ती की फिल्टरमधून वगळा. एकाच इमेजवरून क्लोन केलेल्या यंत्रांत बरोबर उलटं होतं. सगळ्यांची ओळख एकच, म्हणून मोजणी कमी दिसते.

एखाद्याच विंडोज पीसीवर लायसन्सिंग प्रोटोकॉलची त्रुटी येत असेल तर त्या पीसीवरची हीच की बॅकअप घेऊन पुसा आणि रिमोट डेस्कटॉप क्लायंट एकदा 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडा. साध्या युजरने उघडला तर की पुन्हा तयार होत नाही आणि त्रुटी तशीच राहते. 'पर युजर' मोडमध्ये ही कसरत करून काही हाती लागत नाही.

मोजणी स्वतः करा

'पर युजर' मध्ये सर्व्हर अडवत नाही, म्हणून संख्या सांभाळायची जबाबदारी आपल्यावर येते. लायसन्स मॅनेजरमधून दर महिन्याला युजर कॅलचा रिपोर्ट काढा, पण तो अंतिम मानू नका. त्यातून एकाच माणसाची जास्तीची खाती वजा करा, सामायिक लॉगिनमागची माणसं मिळवा. वेब पोर्टल किंवा मधलं एखादं सॉफ्टवेअर शंभर लोकांची विनंती एकाच खात्याने सर्व्हरपर्यंत पोचवत असेल, तरी मोजायचे ते शंभर. मध्ये किती थर घातले याने कॅलची संख्या कमी होत नाही. सगळ्या जगाला खुली असलेली वेबसाइट मात्र यातून सुटते. ग्राहक, पुरवठादार अशा बाहेरच्या माणसांसाठी एकेक कॅल घेण्याऐवजी सर्व्हरमागे एक्स्टर्नल कनेक्टर हा पर्याय असतो. बाहेरची माणसं थोडी असतील तर तो महाग पडतो.

सर्व्हर बदलताना

लायसन्स सर्व्हरचा डेटाबेस सिस्टीम३२ मधल्या एलसर्व्हर फोल्डरमध्ये असतो. त्याचा बॅकअप ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खरेदीच्या वेळचा करार क्रमांक किंवा पॅकवरची की अशा ठिकाणी ठेवा, जिथे तो सर्व्हर मेल्यावरही सापडेल. नव्या सर्व्हरवर रोल टाकून ॲक्टिव्हेट केला, की 'मॅनेज लायसन्सेस' विझार्डमधून जुन्यावरची कॅल नव्यावर नेता येते. जुना बंद पडलेला असला तरी चालतं, पण तेव्हा विझार्ड हाच क्रमांक मागतो. त्या सर्व्हरला इंटरनेट नसेल तर दुसऱ्या यंत्रावरच्या वेब ब्राउझरमधून किंवा फोनवरूनही ॲक्टिव्हेशन होतं. कॅल नेल्यावर प्रत्येक सेशन होस्टच्या पॉलिसीतलं नाव बदला आणि मगच जुना सर्व्हर उतरवा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या त्या ग्रुपमधून जुन्याचं खातं काढून नव्याचं घाला.

लायसन्सिंगचा रोल आहे म्हणून त्या यंत्राला कुणी हात लावत नाही आणि ते वर्षानुवर्षं पॅचशिवाय राहतं, असंही दिसतं. जुलै २०२४ मध्ये याच लायसन्सिंग सर्व्हिसमधला एक गंभीर दोष दुरुस्त झाला. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२४-३८०७७, तीव्रता १० पैकी ९.८, आणि त्यातून पासवर्ड नसतानाही दुरून कोड चालवता येत होता. तुमच्या लायसन्स सर्व्हरवर त्या महिन्याचं किंवा त्यानंतरचं अपडेट आहे का ते पाहा, आणि सेशन होस्ट सोडून इतर कुणालाही, विशेषतः इंटरनेटला, तो दिसू देऊ नका.